किटलीच्या बुडाखालचे चार शिक्के

आम्ही फुलसावंगीहून बोलतोय, बचत गटांचं काम पाहणाऱ्या.

आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. स्कॉटलंडमधल्या चांदीच्या चहाच्या किटल्या! आपल्याकडे चहा गंजात उकळतो आणि स्टीलच्या कपात ओतला जातो. चांदीची किटली आपण फार तर सिनेमात पाहिली असेल. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम घेतलाय. त्या किटल्यांच्या बुडाखाली चार बारीक शिक्के असतात, आणि त्या शिक्क्यांची गोष्ट तुमच्या-आमच्या पेटीतल्या तोड्या-वाळ्यांपर्यंत येऊन पोचते.

दर वर्षी जून महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, आमच्या गटांतली कुणी ना कुणी आईचे नाहीतर सासूचे तोडे पदरात बांधून बाजारात जाते. सोनार ते काट्यावर टाकतो, कसोटीवर घासतो आणि म्हणतो, ‘जुनी चांदी हाय बाई, घट लय जाईन.’ किती जाईल आणि का जाईल, हे तोच सांगतो आणि आपण ऐकून घेतो. उलट विचारायला आपल्यापाशी काही नसतं. आजीनं चाळीस-पन्नास वर्षं ते तोडे पायात वागवले, त्यांच्यासकट कापूस वेचला, पण त्यात चांदी किती आणि तांबं किती, हे त्यांच्यावर कुठंच लिहिलेलं नसतं.

स्कॉटलंडच्या किटलीवर मात्र ते लिहिलेलं असतं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या किटलीवरसुद्धा.

स्कॉटलंड म्हणजे ब्रिटनचा उत्तरेकडचा डोंगराळ, थंड भाग. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे, ते स्टीफन हिस्लॉप तिथलेच. १८४५ साली ते नागपुरात आले. एडिनबरो ही तिथली राजधानी, आणि ग्लासगो हे व्यापाराचं आणि कारखान्यांचं शहर.

तिथं चहा पोचला तो चीनमधून, जहाजानं, महिनोन्‌महिने प्रवास करून. त्यावर सरकारचा करही जबर होता. म्हणून सतराशेच्या सुमारास चहा ही श्रीमंतांच्या घरातली चीज होती. चहाची पत्ती कुलपाच्या पेटीत ठेवत, आणि किल्ली मालकिणीच्या कमरेला. पाहुणे आले की मालकीण स्वतः पेटी उघडायची, मोजून पत्ती काढायची आणि सगळ्यांसमोर चहा करायची. नोकरमाणसाच्या हाती ती पेटी जात नसे. किटलीही लहानच असायची, कारण एवढी महाग पत्ती मोठ्या भांड्यात कोण घालणार? त्या काळच्या स्कॉटिश किटल्या चेंडूसारख्या गोल असत. बंदुकीच्या जुन्या गोळीसारखा आकार म्हणून त्यांना ‘बुलेट’ किटली म्हणतात. खाली बैठक, बाजूला तोटी, झाकणाभोवती बारीक कोरीव पट्टा. दांडी बहुतेक वेळा लाकडाची, कारण चांदी फार लवकर तापते. हे आपल्यालाही ठाऊक आहे. चांदीच्या वाटीत गरम खीर वाढली की बोट पोळतंच.

१७८४ साली ब्रिटिश सरकारनं चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला, आणि मग चहा हळूहळू कामकऱ्यांच्या घरातही गेला. किटल्या मोठ्या झाल्या. दुधाचं भांडं, साखरेचं भांडं, साखरेचा चिमटा, तबक असा सगळा संच होऊ लागला. आकार बदलत गेले. ते सगळे सांगत बसलो तर वेळ पुरायचा नाही.

ही भांडी नुसती मिरवायची नव्हती. त्या काळी बँका थोड्याच लोकांच्या उपयोगाच्या होत्या. घरात चांदीची नाणी साठली की ती चांदीकाराकडे द्यायची आणि किटली किंवा तबक घडवून घ्यायचं. अडचण आली की तेच वितळवून पुन्हा पैसा करायचा. लग्नाच्या बोलणीत, वाटणीत, कर्जात या भांड्यांचं वजन धरलं जाई. म्हणजे किटली ही चहाची किटली होती आणि घराची शिल्लकही होती. आपल्या आजीच्या गोठ-पाटल्यांचं तरी दुसरं काय होतं?

आता शिल्लक म्हटली की पहिला प्रश्न विश्वासाचा. चांदीत तांबं मिसळावंच लागतं. नुसती चांदी मऊ असते, तिचं भांडं टिकत नाही. पण किती मिसळलं, ते डोळ्यांना दिसत नाही. थोडं जास्त तांबं घातलं तरी भांडं तसंच पांढरं चकचकीत. फसायला याहून सोपी वस्तू नाही.

म्हणून १४५७ साली, दुसऱ्या जेम्स राजाच्या काळात, स्कॉटलंडच्या संसदेनं कायदा केला. चांदीच्या भांड्यात १२ भागांपैकी ११ भाग चांदी असलीच पाहिजे. घडवणाऱ्या कारागिरानं आपली खूण ठोकायची. पण तेवढ्यावर थांबायचं नाही. गावच्या सोनारांनी आपल्यातला एक जाणता, खरा माणूस निवडायचा. त्याला ‘डीकन’ म्हणत. त्यानं ते भांडं तपासायचं आणि खरं निघालं तर आपलीही खूण ठोकायची. पुढं जर त्या भांड्यात खोट सापडली, तर एकट्या कारागिराला सोडत नसत. दोघांचीही मालमत्ता राजाकडे जप्त, आणि दोघांचाही जीव राजाच्या मर्जीवर.

हे आम्ही गटाच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा एक मावशी चटकन म्हणाल्या, ‘म्हणजे तो जामीनदारच झाला ना व.’ अगदी बरोबर. आपण कर्जाच्या कागदावर पाचजणी सह्या करतो, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या धास्तावतात, तसाच हा हिशोब. दुसऱ्याच्या मालावर आपली खूण उमटवली की त्याच्या खरेपणाचं ओझं आपल्या मानेवर येतं.

तपासणी कशी करत, तेही सांगण्यासारखं आहे. भांड्याच्या न दिसणाऱ्या जागेवरून चांदीचा थोडा कीस खरवडून घेत. तो तोलत, शिशात गुंडाळत आणि हाडांच्या राखेपासून केलेल्या छोट्या वाटीत ठेवून भट्टीत घालत. शिसं वितळलं की तांब्यासारखी हलकी धातू सोबत घेऊन राखेत मुरून जातं. वाटीत उरतो तो चांदीचा चमकता मणी. तो पुन्हा तोलायचा. आधीचं वजन आणि नंतरचं वजन, यातला फरक म्हणजे मिसळ. भांडं कमी कसाचं निघालं तर ते तिथंच मोडून टाकत. खरवडलेल्या किसाचा काही भाग कुलपाच्या पेटीत जपून ठेवत, म्हणजे पुढं तपासणाऱ्याचीही तपासणी करता यावी. या पेटीचं आम्हाला फार नवल वाटलं. हिशोब लिहिणारीचा हिशोब कोण बघणार, हा प्रश्न गटातही येतोच की.

आता ते चार शिक्के. पहिला कारागिराचा, त्याच्या नावाची दोन अक्षरं. दुसरा शहराचा. एडिनबरोचा शिक्का म्हणजे तीन बुरुजांचा किल्ला. तिसरा वर्षाचा. १६८१ पासून दर वर्षाला एक अक्षर ठरवलेलं असे आणि वर्ष बदललं की अक्षर बदलायचं. त्यामुळं नुसतं अक्षर पाहून किटली कुठल्या साली तपासली ते कळतं, आणि त्या साली तपासणारा कोण होता तेही निघतं. चौथा शिक्का आधी तपासनिसाच्या स्वतःच्या अक्षरांचा होता. १७५९ पासून त्याच्या जागी एक काटेरी फूल आलं. ते स्कॉटलंडचं राष्ट्रीय फूल. आपल्या धुऱ्यावर, पडीत वावरात उंटकटारा उगवतो ना, गोल काटेरी बोंडाचा? त्याच कुळातलं. ज्या झाडाला आपण विळ्यानं छाटून फेकतो, त्याच्या जातभाईला तिथं चांदीच्या खरेपणाची निशाणी केलं. पुढं १७८४ पासून १८९० पर्यंत राजाच्या किंवा राणीच्या तोंडाचा पाचवा शिक्काही येत होता. तो करभरणीची पावती समजा.

ग्लासगो शहराची स्वतंत्र तपासणी कचेरी १८१९ साली निघाली आणि १९६४ पर्यंत चालली. तिच्या शिक्क्यात झाड, पक्षी, घंटा आणि तोंडात अंगठी धरलेला मासा आहे. त्या माशाची कथा ऐका. राणीनं नवऱ्यानं दिलेली अंगठी दुसऱ्याच कुणाला दिली. राजानं ती गुपचूप काढून नदीत फेकली आणि राणीला म्हणाला, दाखव अंगठी. राणी घाबरून एका संताकडे गेली. संतानं नदीतून मासा धरायला सांगितला, आणि त्याच्या पोटात अंगठी निघाली. आपल्या शकुंतलेची अंगठीही माशाच्याच पोटात सापडली होती! दोन्हीकडे बाईच्या खरेपणाचा पुरावा माशाच्या पोटातून यावा लागला, हे मात्र आमच्या मनातून जात नाही.

शिक्क्यांची ही व्यवस्था फार आदर्श होती, असं समजू नका. दूरच्या लहान गावांतले कारागीर एडिनबरोपर्यंत भांडी नेत नसत. रस्ते वाईट, वाटेत चोरांचं भय. ते आपल्याच गावाचा किंवा नावाचा शिक्का ठोकून मोकळे होत. शिवाय सोनारांच्या या संघटना बाहेरच्या माणसाला सहजी आत घेत नसत. गिऱ्हाइकाचं रक्षण आणि आपल्या धंद्याचं कुंपण, दोन्ही कामं एकाच शिक्क्यात होत होती. आणि बाई? ती बहुतेक वेळा बाहेरच. आत यायची ती विधवा झाल्यावर.

लंडनची हेस्टर बेटमन अशीच आत आली. ती स्कॉटलंडची नाही, पण चांदीच्या किटलीची गोष्ट तिच्यावाचून पुरी होत नाही. तिचा नवरा साखळ्या घडवायचा. १७६० साली तो वारला. हत्यारं त्यानं बायकोच्या नावावर ठेवली होती. हेस्टरचं वय तेव्हा पन्नासच्या पुढं, पदरी मुलं, आणि तिला लिहिता येत नव्हतं. १७६१ साली तिनं लंडनच्या सोनारांच्या कचेरीत जाऊन आपला शिक्का नोंदवला. ‘एच बी’, वळणदार दोन अक्षरं. मुलांना आणि कामगारांना हाताशी धरून तिनं जवळजवळ तीस वर्षं धंदा चालवला. चमचे, दुधाची भांडी, आणि पातळ पत्र्याच्या सुबक किटल्या. मोठी नक्षी नाही, कडेला बारीक मण्यांची ओळ, बस. मध्यमवर्गाला परवडेल असा माल तिनं केला. आज जगभरच्या संग्रहालयांत तिची भांडी आहेत आणि लोक बूड उलटं करून तिची दोन अक्षरं शोधतात. आमच्या गटांत अंगठा सोडून सही शिकलेल्या बाया आहेत. सही म्हणजे काय, ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

आता ही किटली आपल्याकडे कशी आली ते बघू.

१८२३ साली रॉबर्ट ब्रूस नावाच्या स्कॉटिश माणसाला आसामात सिंगफो लोकांकडून कळलं की तिथं चहाचं झाड रानातच वाढतं. सिंगफो लोक ती पानं आधीपासून वापरत होते. त्याचा भाऊ चार्ल्स यानं पुढं तिथं लागवडीचं काम हाती घेतलं, आणि १८३९ साली आसामचा चहा लंडनमध्ये लिलावात विकला गेला. श्रीलंकेत १८६७ साली व्यापारी मळा सुरू करणारा जेम्स टेलर स्कॉटिशच, आणि चहा पाकिटात घालून जगभर विकणारा थॉमस लिप्टन ग्लासगोचा. चहा आपल्या मातीतला, राबणारे हात आपल्या मजुरांचे, मळेवाले बरेचसे स्कॉटिश. अशी ही सोयरीक.

मळेवाले, लष्करी अधिकारी, कलेक्टर यांच्या घरी चार वाजता चहा व्हायचा, आणि त्यासाठी चांदीचा संच लागायचा. विलायतेहून आणणं महाग पडे. म्हणून इथल्याच शहरांत तो घडू लागला. मद्रासला ‘पी. ऑर अँड सन्स’ हे मोठं दुकान होतं. त्याचा मालक पीटर ऑर मूळचा स्कॉटलंडचा घड्याळजी. त्याच्याकडे दक्षिणेतले कारागीर चांदीवर देवादिकांच्या मूर्ती उठवत. या कामाला ‘स्वामी’ काम असं नावच पडलं. १८७५ साली इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, तेव्हा बडोद्याच्या गायकवाडांकडून त्याला ऑरच्या कारखान्यातला असा स्वामी कामाचा चहाचा संच भेट मिळाला. गादीवर होते सयाजीराव, नुकतेच दत्तक आलेले, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले बारा वर्षांचे पोर. मराठी राजाची भेट, मद्रासी कारागिराचा हात, स्कॉटिश माणसाचं दुकान, आणि ओतायचा तो चहा!

कच्छमध्ये भुजला उमरसी मावजी हे नामांकित चांदीकार होते. त्यांच्या कामावर वेलबुट्टी इतकी दाट की बोट ठेवायला मोकळी जागा सापडत नाही. आणि आपल्या पुण्यात, लष्कर भागात, हीरप्पा बुचेना यांचं नाव होतं. त्यांच्या किटल्यांवर देवांच्या मूर्ती, आणि त्या काळच्या अशा कितीतरी किटल्यांना दांडीच्या जागी नाग. हे काम कसं करतात? पत्र्याचं भांडं आधी ठोकून आकाराला आणायचं, मग त्यात गरम राळ भरायची. राळ थंड होऊन घट्ट झाली की बाहेरून बारीक ठसे हातोडीनं ठोकत नक्षी उठवायची. आत राळेचा आधार असतो म्हणून पत्रा फाटत नाही. काम झालं की राळ वितळवून काढायची. एका किटलीला कितीतरी दिवस लागत.

पण इथं एक गोष्ट नव्हती. एडिनबरोसारखी तपासणीची कचेरी हिंदुस्थानात नव्हती. भुजच्या किंवा पुण्याच्या किटलीखाली असायचं ते घडवणाऱ्याचं नाव, फार तर गावाचं. जामीनदाराचा शिक्का नाही, वर्षाचं अक्षर नाही. दुकानदाराचं नाव हाच भरवसा. साहेबाला ते चालून जायचं. फसला तर तो लष्करातला अंमलदार होता, सोनाराला जाब विचारू शकत होता. आपल्या पणजीचं काय?

जाता जाता पुण्याची अजून एक हकिकत. लष्करात चांदीच्या किटल्या घडत होत्या त्याच काळात, १८९० साली, तिथून फार लांब नसलेल्या पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये काही पुणेकर मंडळी व्याख्यानाला गेली. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढं केली. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हाती घेतला. ही बातमी आणि सगळ्यांची नावं गोपाळराव जोशींनी छापून आणली. हे गोपाळराव म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान. यादीत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. केवढं वादळ उठलं! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हे सगळं लिहून ठेवलंय. चहा त्या घरांत नवा नव्हता. तो कुणाच्या हातचा आणि कुणाच्या भांड्यातला, यावर भांडण होतं. धातूचं भांडं घासून-विसळून चालतं, चिनी मातीच्या कपाचं विचारू नका, असं मानणाऱ्या सासवा आपल्यापैकी कित्येकींनी पाहिल्या आहेत. आणि गावातल्या हॉटेलात काहीजणांसाठी कप वेगळे टांगलेले असत, हेही आपल्याच आईबापांनी पाहिलेलं आहे.

तर आता आपल्या पणजीच्या चांदीकडे या.

साहेबाच्या किटलीची चांदी आणि पणजीच्या तोड्यांची चांदी बऱ्याचदा एकाच ठिकाणाहून यायची. चांदीच्या रुपयांतून. गिऱ्हाईक रुपये घेऊन जायचं, सोनार ते मुशीत वितळवायचा. इंग्रजांचा कलदार रुपया १८३५ पासून एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता, आणि त्यात १२ भागांत ११ भाग चांदी. मैत्रिणींनो, आकडा ओळखीचा वाटला का? १४५७ सालच्या स्कॉटलंडच्या कायद्यातलं प्रमाण हेच. अर्धा किलोच्या वर भरणारी एक गोल स्कॉटिश किटली म्हणजे साधारण पन्नास राणीछाप रुपये. म्हणजे पणजीचे तोडे नुसत्या कलदाराचे असतील, तर ते त्या जुन्या किटलीच्याच तोडीचे. फरक फक्त शिक्क्याचा.

पण आपल्या भागात एक गंमत होती. आपण इंग्रजांच्या वऱ्हाडात, आणि पैनगंगा ओलांडली की माहूरकडे निजामाचं राज्य. तिकडं हाली रुपया चालायचा. तो वजनाला थोडा हलका, आणि त्यात हजार भागांत ८१८ भाग चांदी. माहूरच्या यात्रेत, बैलबाजारात, सोयरिकीत दोन्ही नाणी इकडची तिकडं होत. म्हाताऱ्या बाया ‘कलदार का हाली’ असं विचारून पैसे घेत. आपल्या भागातल्या तांड्यांवर बंजारा बायांच्या हांसली आणि घुगऱ्या पाहा, कांचळीवर टाकलेले रुपये पाहा. नाण्यांचं नाणं म्हणून अंगावर राहिलं, तर त्यावरचा राजा आणि साल अजून वाचता येतं. तेच त्या दागिन्याचे शिक्के! वितळवून तोडे केले की ते पुसलं गेलं.

आणि तिसरी गोष्ट, ही नीट ऐका. महायुद्धाच्या काळात चांदी महागली, तेव्हा १९४० साली सरकारनं रुपयातली चांदी अर्ध्यावर आणली. दिसायला रुपया तसाच, वजन तेच, पण आत चांदी निम्मी. १९४७ साली तर रुपया निकेलचा झाला.

हिशोब करू. ४० जुने कलदार वितळवून केलेले तोडे ४६६ ग्रॅम भरतात, त्यात निव्वळ चांदी ४२७ ग्रॅम. ४० हाली रुपयांचे तोडे भरतात ४४७ ग्रॅम, चांदी सुमारे ३६६. आणि १९४२ सालच्या ४० रुपयांचे तोडे पुन्हा ४६६ ग्रॅमच, पण चांदी २३३. झाळण्याची मिसळ वेगळीच. तिन्ही तोडे पेटीत शेजारी ठेवले तर डोळ्यांनी फरक सांगणं कठीण. म्हणून सोनार घट धरतो तेव्हा तो दर वेळी खोटंच बोलतो, असं आम्ही म्हणणार नाही. कधी घट खरीच असते. पण ४२७ ग्रॅमवालीलाही २३३ चा भाव मिळू शकतो, आणि तिला ते कधीच कळत नाही. आमच्या एका गटातल्या ताईंनी एकच जोड दोन दुकानांत दाखवला. दोन घटींत एका पोत्याच्या खताची किंमत निघाली.

शिक्का दिसला म्हणजे चांदी, असंही धरून चालू नका. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्यानं चांदीचा मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं. खाली तांबं-जस्त-निकेलची मिश्र धातू, जिला ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणतात आणि जिच्यात चांदी नावालाही नसते. वर चांदीचा पातळ थर. त्या किटल्यांच्या बुडाशी ई, पी, एन, एस ही चार अक्षरं चार छोट्या चौकटींत ठोकलेली असतात. लांबून पाहिलं तर एडिनबरोचे चार शिक्केच वाटावेत! अक्षरांचा अर्थ मात्र सरळ आहे, निकेलच्या धातूवर चांदीचा मुलामा. वाचता येणाऱ्याला खरं सांगणारी आणि न येणाऱ्याला फसवणारी अशी ती चार अक्षरं आहेत.

आपल्या देशात भारतीय मानक ब्युरोनं सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली सुरू केलं आणि चांदीचं २००५ साली. सोन्याच्या दागिन्यांना ते २०२१ पासून बहुतेक मोठ्या जिल्ह्यांत सक्तीचं झालं. चांदीवर मात्र अजून ऐच्छिक आहे. दुकानदाराची मर्जी आणि आपण विचारलं तर. हॉलमार्कच्या चांदीवर मानक ब्युरोचं चिन्ह असतं आणि ९२५, ९००, ८०० असा आकडा असतो, म्हणजे हजारात किती भाग चांदी. नव्या पद्धतीत सहा अक्षर-आकड्यांची ओळखही देतात. ती मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून पाहता येते. नवीन जोडवी-पैंजण घेताना एवढं विचाराच. हॉलमार्क नसेल तर पावतीवर कस लिहून मागा. पावती नको म्हटलं तर भाव कमी करतो, असं दुकानदार म्हणतो. तो कमी केलेला भाव मोडीच्या दिवशी दुपटीनं जातो.

जुन्या चांदीसाठी आमच्या काही गटांनी एक साधं काम धरलंय. हप्त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर रकाने पाडलेत. दागिना कोणता, कुणाकडून आला, अंदाजे कोणत्या सालचा, रुपये वितळवून केला की विकत घेतला, वजन किती. वजन डिजिटल काट्यावर, पाचजणींसमोर. मोठ्या शहरात दागिना न वितळवता क्ष-किरणांच्या यंत्रावर कस काढून देतात. कुणी नागपूरला किंवा नांदेडला कामानं निघाली की एक-दोघींचे दागिने तिच्यासोबत तपासून येतात, आणि तो आकडाही वहीत चढतो. खाली दोघींच्या सह्या. ज्या म्हाताऱ्या सांगू शकतात, त्यांच्याकडून साल विचारून घेण्याची घाई करावी लागते. ‘माह्या लग्नात बापानं हाली मोडले होते,’ एवढं एक वाक्यसुद्धा त्या रकान्यात मोलाचं असतं.

आणि एक सांगायचं राहिलं. काही जुन्या तोड्यांच्या, वाकीच्या आतल्या बाजूला, अंगाला लागतं तिथं, सोनारानं ठोकलेली बारीक अक्षरं असतात. कधी मोडीत, कधी नागरीत. चिंच लावून घासलं आणि उन्हात तिरपं धरलं की दिसतात. तुमच्या घरी तशी दिसली, तर जशी आहेत तशी कागदावर काढा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आपल्याला वाचून द्यायला तयार झाले आहेत.